एकबारी बंदूक आणि आपले कारागीर

ज्ञातीच्या पूर्वेतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपण देवळांचे सभामंडप, रथ, पालख्या आणि नांगर यांचा अभिमानाने उल्लेख करतो, व ते योग्यच आहे. परंतु लोहार, सुतार, तांबट आणि सोनार या चारही घरांचे हात ज्या एकाच वस्तूला लागत, ती मात्र आपल्या स्मरणातून पार गेली आहे. ती वस्तू म्हणजे तोड्याची बंदूक. नळी व चाप लोहाराचे, दस्ता सुताराचा, पितळी बंद तांबटाचे आणि धन्याची ऐपत असल्यास वरील सोन्यारुप्याची वेल सोनाराची.

या बंदुकीत एका वेळी एकच बार भरता येई. दारू मोजून ओतावयाची, गोळी गजाने ठासावयाची, कान्यापाशी रंजक घालावयाची आणि मग सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेला सुती तोडा पेटता ठेवावयाचा. चाप ओढला की तोडा रंजकीवर टेके आणि बार उडे. एवढा खटाटोप पुन्हा करण्यास पुरेसा वेळ समोरचा वाघ अथवा गवा देत नसतो. म्हणून जो एक बार हाती आहे तो फुकट जाता कामा नये, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे नळी शिकाऱ्याच्या तोंडाशी फुटता कामा नये. कारागिराची सारी परीक्षा येथेच होती. सरळ पत्रा वळवून त्याच्या दोन कडा जोडल्या तर नळी सांध्यावरच उकलण्याचे भय असते. यास्तव चांगला लोहार लोखंडाची पट्टी लाल तापवून गजाभोवती पिळासारखी गुंडाळी व घणाखाली सांधा जिरवून टाकी. सांधा सर्व अंगास वाटला गेल्यामुळे दारूचा धक्का एका रेषेवर येत नसे.

अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त पिळाच्या नळीची ही रीत वर्णिली आहे. बैलाने फिरविलेल्या एका चाकावर सोळा नळ्या एकदम साफ होत, असेही तो सांगतो. अकबराची ‘संग्राम’ नावाची बंदूक प्रसिद्धच आहे; 1568 साली चितोडच्या वेढ्यात जयमल तिच्याच गोळीने पडला असे तो लिहितो, आणि तिने मारलेल्या शिकारीची मोजदादही देतो. परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरीच नोंद. बादशाही कारखान्यातील प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचे वजन, स्थळ, महिना व वर्ष यांबरोबर कारागिराचे नावही कोरले जाई. उस्ताद कबीर व हुसेन ही नावे त्यामुळे आजही आपणांस ठाऊक आहेत.

आपल्या मुलखात असे घडले नाही. मराठी फौजांनी फिरंग्यांकडून व इंग्रजांकडून पुष्कळ बंदुका विकत घेतल्या हे खरे आहे. सर्वच आपल्या भात्यावर घडल्या असे म्हणणे म्हणजे पोकळ अभिमान होय. तथापि सातारा जिल्ह्यातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यातील महादजींनी आग्र्यास कारखाना चालविला, तेथे सँगस्टर नावाच्या स्कॉच माणसाच्या देखरेखीखाली सुमारे दहा रुपयांत एक उत्तम बंदूक तयार होई. सँगस्टरचे नाव इतिहासात आले. तेथे घण मारणाऱ्यांचे आले नाही.

विलायतेत मात्र एकबारी बंदुकीची प्रतिष्ठा उलट वाढली. 1872 साली जॉन फार्कुहारसन या स्कॉच गृहस्थाने पेटंट घेतलेल्या बांधणीत काडतुसामागचा पोलादी ठोकळा खाली सरकतो व पुन्हा वर येऊन घट्ट बसतो. ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांनी अशा रायफली पुष्कळ केल्या. गिऱ्हाइकाच्या खांद्याचे व हाताचे माप शिंप्याप्रमाणे घेऊन अक्रोडाचा दस्ता कोरीत. दोन भाग नीट बसतात की नाही हे पाहण्यासाठी एकावर दिव्याची काजळी धरावयाची, दुसरा टेकवावयाचा, आणि काळा डाग जेथे उमटेल तेथेच कानस फिरवावयाची. सर्वत्र सारखा डाग उमटेपर्यंत हेच काम. ही सोशिकता आपल्या लोहारांच्या अंगी नव्हती असे कोण म्हणेल?

नव्हती ती मोकळीक. 1857 साली शस्त्रे जमा करण्याचे हुकूम सुटले. मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी, ज्यांचा पिढीजात उद्योगच शिकारीचा, ती देण्याचे नाकारले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गावावर फौज चालून गेली व पुढे कित्येकांना फाशी झाली. त्यानंतर 1878 चा शस्त्रांचा कायदा आला. बंदूक बाळगण्यास परवाना, घडविण्यास परवाना. सूट ती गोऱ्यांना व राजेरजवाड्यांना, आणि त्यांना विलायती माल हवा होता. यंत्रावर झालेला स्वस्त मालही बाजारात होताच, हे विसरून चालणार नाही. पण भाता विझविला तो कायद्यानेच, असे माझे मत आहे. शिकारीचा प्रश्न तर 1972 च्या वन्यजीव कायद्याने निकालातच काढला. कोयना-चांदोलीचे रान 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि तेथील गव्यांना आता बाराचे भय उरलेले नाही. याचे दुःख मानण्याचे कारण नाही.

या कथेचा एक धागा मिरजेस सापडतो. हत्यारे घडविणारे व त्यांना धार-पाणी देणारे शिकलगार आपल्या ज्ञातीचे नव्हेत, परंतु कामाने सख्खे शेजारी. लढायांचा काळ सरल्यावर, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार यांनी पटवर्धनांच्या मिरजेत तंबोरे व सतारी दुरुस्त करण्यास आणि मग घडविण्यास आरंभ केला. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, लाकूड तुणीचे, आणि कानस मात्र ओळखीचीच. सतारीच्या घोडीवर जव्हारी लावताना ती केसाइतकी फिरवितात, तार छेडून ऐकतात व पुन्हा फिरवितात. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्यांच्या इतिहासात पहिले नाव फरीदसाहेबांचे घेतले जाते. त्यांच्या घरात त्यापूर्वी ज्यांनी हत्यारे केली, त्यांची नावे कोठेच नाहीत.