संक्रांतीचे वाण आणि जीवदयेची पावती



गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वाणाची यादी करताना आमच्या घरात थोडा वाद झाला. चाळीस प्लॅस्टिकचे डबे आणण्यापेक्षा तेवढे पैसे मांजाने जखमी होणाऱ्या पक्ष्यांच्या उपचाराला द्यावेत आणि तिळगुळासोबत प्रत्येकीच्या हातात तिच्या नावाची पावती ठेवावी, असे माझे म्हणणे होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, दारी आलेल्या सवाशिणीला कागद द्यायचा का? दान तुझं, पुण्य तुझं. मग तिला तू दिलंस काय?"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. डबेच आणले. पण प्रश्न मनात राहिला. एकाला द्यायची भेट दुसऱ्या जिवाच्या रूपाने देता येते का? आपल्याच इतिहासात हे कोणी केले आहे का? शोधताना दोन प्रसंगांपाशी थांबले.

पहिला प्रसंग अकबराच्या दरबारातला. बादशहाच्या निमंत्रणावरून आचार्य हिरविजयसूरी गुजरातहून पायी विहार करत 1583 साली फतेहपूर सिक्रीला पोहोचले. सम्राटाने भेटी देऊ केल्या. पण अपरिग्रही साधूला सोने, घोडे, वस्त्रे देऊन उपयोग काय? आचार्यांनी ते सगळे नाकारले आणि मागितले ते असे: पिंजऱ्यातले पक्षी सोडा, बंदिवानांना मुक्त करा आणि पर्युषणात जीवहत्या थांबवा. पर्युषणाचे दिवस आठ. अकबराने त्यात आपल्याकडून चार दिवस घातले आणि बारा दिवसांच्या हत्याबंदीची फर्माने निघाली. सिक्रीजवळच्या डाबर तलावातली मासेमारीही बंद झाली. पुढे आचार्यांना 'जगद्गुरू' ही पदवी मिळाली.

देणारा बादशहा, घेणारे आचार्य आणि लाभ मुक्या जिवांना. तरी आचार्यांना भेट मिळाली नाही असे कोणी म्हणणार नाही, कारण ती त्यांनी स्वतः मागितली होती. माझी चूक इथे माझ्या लक्षात आली. मी चाळीस जणींपैकी एकीलाही विचारले नव्हते. तिच्या नावाची पावती मी माझ्याच मनाने फाडणार होते.

आणखी एक गोष्ट. राजाची भेट राजाच्या मर्जीवर टिकते. जहांगीराच्या काळात पर्युषणातल्या हत्याबंदीसाठी संघाला पुन्हा प्रयत्न करावे लागले. 1610 साली तसे फर्मान निघाले. आग्र्याच्या संघाने विजयसेनसूरींना पाठवलेल्या विज्ञप्तिपत्रात उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने तो प्रसंग रंगवला आहे. एकदा मिळालेले अभयदान कायमचे मिळाले असे नसते.

दुसरा प्रसंग आपल्या मुंबईचा. उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा इंग्रज सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे पैसे मिळत. जून 1832 मध्ये पारशी मंडळींनी याविरुद्ध उठाव केला. हिंदू, जैनही त्यांच्या बाजूने उभे राहिले, दुकाने बंद झाली, दंगल उसळली. दंगल शमली, पण कुत्र्यांचे काय करायचे हा प्रश्न राहिलाच. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे शत्रुंजयावरच्या मोतीशा टूकेचे मोतीशा शेठ, यांनी पुढाकार घेतला आणि 1834 साली मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भुलेश्वरजवळ ती आजही आहे. चेंबूरला तर त्या नावाने वस्तीच ओळखली जाते.

या दोघांच्या संपत्तीत चीनच्या व्यापाराचा आणि त्यात अफूचाही पैसा होता, हेही लपवू नये. पण एक गोष्ट त्यांनी नेमकी ओळखली होती. जनावर फक्त सणाच्या दिवशी खात नाही. म्हणून एकरकमी देणगीवर न थांबता व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर पांजरपोळीसाठी ठराविक लागा बसवून घेतला. माल विकला की त्यातला थोडा हिस्सा आपोआप जीवदयेला जायचा. त्यामुळे चाऱ्याची सोय वर्षभर चालू राहिली.

हे सगळे मी सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मग आधी विचार सगळ्यांना. आणि हातात काहीतरी दे, रिकामं पाठवू नकोस."

यंदा तसेच केले. आठ दिवस आधी प्रत्येकीला फोन केला: तुझ्या वाटचे वाण पक्ष्यांना दिले तर चालेल का? सव्वीस जणींनी हो म्हटले. बाकीच्यांना नेहमीसारखे वाण दिले आणि त्यात कमीपणा मानला नाही. हो म्हणणाऱ्यांना तिळगुळाची लहान पुरचुंडी आणि सव्वीस जणींची मिळून एकच पावती दाखवली. पैसे देण्याआधी आम्ही तिघी जणी तिथे जाऊन आलो. डॉक्टर रोज येतात का, संक्रांत संपल्यावरही काम चालते का, बरा झालेला पक्षी सोडतात की नाही, हे विचारून घेतले. आता एक कायमी तिथी लिहवायचा विचार आहे, म्हणजे मूळ रक्कम शाबूत राहून व्याजातून दरवर्षी त्या दिवशीचा खर्च निघेल.

पण दानाआधीचे एक काम आहे. लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून नेमिनाथ भगवंतांनी रथ वळवला. त्यांनी हिंसेचे निमित्तच सोडले. नायलॉन मांजावर 2017 पासून देशभर बंदी आहे, तरी तो आपल्याच सोसायटीच्या गच्चीवर दिसतो. सुती दोऱ्यानेही पंख कापले जातात, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी पक्षी उडतात तेव्हा. गच्चीवर आपली मुले मांजा खेचत असताना खाली आपण पक्ष्यांसाठी पावती फाडणे बरे नव्हे. यंदा माझ्या लेकाने पतंग उडवला नाही. रुसला होता, पण दुपारी आमच्याबरोबर झाडांत अडकलेला मांजा काढायला आला.

तुमच्याकडे वाणाचे, प्रभावनेचे काय करता ते जरूर कळवा. लिहिण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असेल तर मिच्छामि दुक्कडम्.