परकीयांस हमी, स्वकीयांस जमावबंदी

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मच्छीमारांचे गाव. उत्तरेस हर्णे व त्यासमोरचा सुवर्णदुर्ग, दक्षिणेस दाभोळची खाडी. या दोहोंच्या मधल्या किनाऱ्यावर ते वसले आहे. तेथील टेकडीवर पृथ्वीच्या गोलावर उभा केलेला परशुरामाचा भव्य पुतळा पाहावयास आता पुष्कळ प्रवासी येतात. जिंकलेली सारी पृथ्वी कश्यपास दान दिल्यावर स्वतःस राहावयास जागा उरली नाही, म्हणून परशुरामाने समुद्र हटवून ही भूमी मिळविली, ही कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. दान करताना त्या पृथ्वीवर राहणाऱ्यांस कोणी विचारले होते काय, हा प्रश्न कथेत येत नाही. इतिहासात मात्र तो विचारावा लागतो, आणि आजच्या आमच्या विषयाचा गाभाही तोच आहे.

परकीय हस्तक्षेप म्हटला की आपले लक्ष कोरिया, काँगो, इराक अशा दूरच्या देशांकडे जाते. इतके लांब जाण्याचे कारण नाही. बुरोंडीच्या दोन्ही अंगांस, एका दिवसाच्या पायपिटीत, या विषयाचे सगळे प्रकार पाहावयास मिळतात. पहिला प्रकार उघड्या दांडगाईचा. १५०८ च्या डिसेंबरअखेर, मुलाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी दीवकडे निघालेल्या पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने वाटेत दाभोळ बंदर जाळले आणि तेथे भयंकर कत्तल केली. अशा हस्तक्षेपाबद्दल फारसा वाद होत नाही. शत्रू आला, त्याने जाळले, तो गेला.

दुसरा प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपास गेले, तेव्हा पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांस मदतीस बोलाविले. १७५५ च्या मार्चमध्ये करार झाला आणि एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्ग पाडाव केला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. या मदतीच्या बदल्यात इंग्रजांस बाणकोट मिळाले. सुवर्णदुर्ग करारानुसार पेशव्यांकडे आला खरा. परंतु १८१७ च्या नोव्हेंबरमध्ये तोच किल्ला इंग्रजांनी फारसे श्रम न पडता घेतला, कारण समुद्रावर त्यांस अडविणारे मराठी आरमार आता उरले नव्हते. येथे परका आपण होऊन आला नाही. त्यास आमंत्रण होते, आमंत्रणामागे घरचे भांडण होते, आणि आमंत्रणाचा कागद रीतसर होता.

हे जुने प्रकरण आम्ही सांगितले ते आमंत्रणाच्या या कागदासाठी. विसाव्या शतकाच्या अखेरीस याच किनाऱ्यावर, दाभोळच्या खाडीपलीकडे, तसाच एक कागद झाला. या वेळी तोफा नव्हत्या. वीज हवी होती.

ही गरज खोटी नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. १९९१ साली देशाच्या तिजोरीत परकीय चलन इतके आटले की सोने गहाण ठेवण्याची वेळ आली. नव्या कारखान्यांस वीज लागणार, ती उभारण्यास सरकारजवळ पैसा नाही, म्हणून वीजनिर्मितीचे क्षेत्र परदेशी भांडवलास खुले करण्यात आले. भारतीय अधिकारी अमेरिकेत जाऊन भांडवलदारांस निमंत्रण देऊन आले. जून १९९२ मध्ये ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीची माणसे महाराष्ट्रात दाखल झाली, आणि त्या मुक्कामातच, २० जून १९९२ रोजी, महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने त्यांच्याशी प्राथमिक करार केला. निविदा मागविण्यात आल्या नाहीत. आपल्याकडे ग्रामपंचायतीची विहीर खणावयाची तरी तीन ठिकाणचे दर मागवितात! ८ डिसेंबर १९९३ रोजी वीजखरेदीचा पक्का करार झाला. दाभोळ पॉवर कंपनी असे नाव ठरले. भागभांडवलात एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के. नाव दाभोळचे असले तरी जागा खाडीच्या दक्षिण तीरावरची, गुहागर तालुक्यातील अंजनवेल, रानवी, वेलदूर या भागातली.

या कराराची रचना सामान्य माणसास समजेल अशी कोणी सांगितली नाही, म्हणून आम्ही ती येथे थोडक्यात सांगतो. एखाद्याने खाणावळीशी असा ठराव करावा की, महिनाभर जेवा अथवा न जेवा, ताटाचे पैसे द्यावयाचे. ताटाचा दर रुपयांत न ठरता डॉलरच्या भावाने ठरावयाचा. धान्य महागले तर तो भारही जेवणाऱ्यानेच सोसावयाचा. आणि घरी स्वस्तात शिजलेले अन्न असले तरी ते झाकून ठेवून खाणावळीतच जेवावयाचे. वीज मंडळाची स्थिती नेमकी अशी झाली. मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य सरकारची हमी, राज्याने दिले नाहीत तर केंद्र सरकारची प्रतिहमी, आणि तंटा झाला तर लवाद लंडनमध्ये. मागणीचा अंदाज चुकला, रुपया घसरला, इंधन चढले, तरी यांपैकी कशाचीही झळ भांडवलास लागू नये, अशी ही तटबंदी होती. सुवर्णदुर्गाचा तटही इतका अभेद्य नव्हता.

हे कोणाच्याच ध्यानात आले नाही काय? आले होते. प्रथम ते ध्यानात आले जागतिक बँकेच्या. परदेशी भांडवलाची कैवारी म्हणून जिची ख्याती, त्याच बँकेने एप्रिल १९९३ मध्ये कळविले की हा प्रकल्प फार मोठा आहे, आयात द्रवरूप वायूवरची ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल आणि तिच्यासाठी स्वस्त वीजकेंद्रे बंद ठेवावी लागतील. सबब आम्ही कर्ज देणार नाही. पुढे पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेतील गिरीश संत, शंतनू दीक्षित, सुबोध वागळे या तरुण अभ्यासकांनी कराराच्या आकड्यांची चिकाटीने फोड करून तोच धोका मराठी समाजासमोर मांडला. सरकारदरबारी त्याचा उपयोग झाला नाही. १९९५ ची विधानसभा निवडणूक ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ या घोषणेवर गाजली. नवे सरकार आले. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी ३ ऑगस्ट १९९५ रोजी विधानसभेत करार रद्द केल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीच अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने, करार मोडल्यास पुढील गुंतवणूक धोक्यात येईल, असे बजावले होते. कंपनीने लंडनमध्ये लवादाची नोटीस दिली. काही महिन्यांत पुन्हा बोलणी झाली. निष्पन्न असे की बुडवावयाचा प्रकल्प आकाराने वाढून वर आला: पहिल्या टप्प्याचे ७४० मेगावॅट आणि दुसऱ्याचे सुमारे १,४४४. मे १९९६ मध्ये केंद्रात तेरा दिवस टिकलेल्या मंत्रिमंडळाने पायउतार होता होता प्रतिहमीस मंजुरी दिली. पक्षापक्षांतले भेद या एका कागदावर किती सहज मिटले, हे पाहण्यासारखे आहे.

या सगळ्या वर्षांत अंजनवेल-वेलदूरच्या माणसांचे काय चालले होते? जमीन संपादन झाली ती १८९४ च्या, म्हणजे इंग्रजांनी केलेल्या कायद्याने. शेतकऱ्यास जमिनीची काळजी होती. दर्यावर जगणाऱ्यास वेगळीच. वीजकेंद्राचे तापलेले पाणी खाडीच्या तोंडाशी सुटणार, वायूची मोठी जहाजे येणार, त्यांच्या वाटेत जाळी टाकू देणार नाहीत. ही काळजी वेलदूरपुरती नव्हती. खाडीच्या उत्तरेच्या दाभोळास आणि बुरोंडीसारख्या गावांसही ती लागू होती, कारण मासळी तालुक्याची हद्द पाहून फिरत नाही. लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले, रस्ते अडविले. उत्तरादाखल जमावबंदीचे हुकूम आले, प्रतिबंधक अटका आल्या, आणि बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यांस प्रवेशबंदी झाली. ‘गावकरी भोळे आहेत, बाहेरचे लोक त्यांस फितवितात’ असे तेव्हा वारंवार सांगितले जाई. मुंबई-पुण्याचा माणूस गुहागरात ‘बाहेरचा’ आणि ह्यूस्टनचा मात्र घरचा, ही आप्तपणाची व्याख्या आम्हांस तरी कोणत्या शास्त्रात आढळली नाही.

३ जून १९९७ ची पहाट. वेलदूरचे बरेच पुरुष मासेमारीस गेलेले. अशा वेळी पोलीस वस्तीत शिरले. ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेने त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतानुसार, दारे फोडून बायकांस घराबाहेर ओढण्यात आले, लाठ्यांनी मारण्यात आले. मार खाणाऱ्यांत एक गर्भवती होती. अटक झालेल्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच अधिक होत्या. त्यांचा अपराध म्हणाल तर प्रकल्पास विरोध. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या अमेरिकन संस्थेने मोठा अहवाल काढला व त्यात एका गोष्टीवर बोट ठेवले: प्रकल्पावरील बंदोबस्ताच्या सरकारी पोलिसांचा खर्च कंपनी देत होती. आपल्या कायद्यात अशी सोय आहे, हे खरे. लग्नाच्या वरातीस किंवा जत्रेस बंदोबस्त मागून त्याचे पैसे भरतात, ती हीच सोय. पण दोघांत तंटा चालू असता एकाने पगार द्यावा आणि दुसऱ्याने काठी खावी, असा प्रसंग आला म्हणजे तो शिपाई कोणाचा, हा प्रश्न कायद्याने सुटत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४ डिसेंबर १९८६ रोजी विकासाच्या हक्काचा जाहीरनामा संमत केला. विकास ही सरकारने वरून घालावयाची भिक्षा नसून माणसाचा हक्क आहे, आणि त्या विकासात भाग घेणे, तो कसा व्हावा हे ठरविण्यात वाटा असणे, हा त्या हक्काचाच भाग आहे, असे तो सांगतो. भारताने त्यास अनुकूल मत दिले. विरोधी मत एकच पडले, ते अमेरिकेचे. आता हिशेब पाहा. विरुद्ध मत देणाऱ्या देशाच्या कंपनीशी करार झाला, यात नवल नाही. अनुकूल मत देणाऱ्या देशाने वेलदूरच्या बाईस काय ठरवू दिले, हे विचारावयाचे आहे.

परकीय हस्तक्षेप वाईट, असा सरसकट निकाल द्यावयास आम्ही तयार नाही, तो याचसाठी. दाभोळच्या प्रकरणात तीन परकीय आवाज होते. जागतिक बँकेने सावध केले. अमेरिकन सरकारने दडपण आणले. पुढे २००१ मध्ये तर त्या देशाच्या उपाध्यक्षांनी, डिक चेनी यांनी, आपल्याकडील विरोधी पक्षनेत्या सोनिया गांधी यांच्यापाशी हा विषय काढला. आणि मानवी हक्कांच्या संस्थांनी आमच्याच बायकांची हकीकत जगापुढे मांडली. तिघेही बाहेरचेच. पहिल्याचे म्हणणे फायलीत गेले, तिसऱ्याचे म्हणणे ‘देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ’ ठरले, आणि ऐकले गेले ते दुसऱ्याचे, कारण त्याच्या शब्दामागे सही-शिक्क्याचा करार होता. वेलदूरच्या हक्कांमागे राज्यघटना होती. पण तिची अंमलबजावणी लंडनच्या लवादात होत नसते, आणि चिपळूणच्या कचेरीत व्हावयाची तर त्यास वर्षे लागतात. सार्वभौमत्वाची आठवण आपल्या राज्यकर्त्यांस टीकाकार दारात आला की होते, सावकार आला की होत नाही.

शेवटी हा प्रकल्प मोर्च्यांनी थांबविला नाही, न्यायालयाने नाही, सरकारनेही नाही. तो आपल्याच दराने बुडाला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. पुढच्या वर्षी युनिटचा दर एखाद्या महिन्यात सात रुपयांच्याही वर गेला. वीज मंडळास बिले देववेनात. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटविण्यास काढली. त्याच वर्षी माधव गोडबोले यांच्या समितीने सगळ्या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले; मे महिन्यात यंत्रे थांबली; आणि २ डिसेंबर २००१ रोजी खुद्द एन्रॉनच अमेरिकेत दिवाळखोरीत गेली, ती तिच्या हिशेबातील लबाड्यांमुळे. मग महाराष्ट्रात जे झाले ते पुष्कळांस आठवत असेल: भारनियमन. अंजनवेलास सुमारे तीन अब्ज डॉलरांचा प्रकल्प गंजत उभा, आणि गावोगावी संध्याकाळी कंदील. ज्या विजेसाठी वेलदूरच्या बायांनी मार खाल्ला, ती कोणाच्याच घरी लागली नाही.

पुढे बरीच वर्षे तंटे चालले. लवाद झाले, अमेरिकन सरकारच्या विमा-संस्थेने गुंतविलेल्या पैशाची मागणी केली, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांच्याशी वाटाघाटी होऊन त्यांचे दावे २००५ मध्ये पैसे देऊन मिटविण्यात आले. परदेशी बँकांचेही तसेच. ३ जूनच्या पहाटेचा या हिशेबात उल्लेख नव्हता. ती पहाट कोणत्याच करारातले कलम नव्हती. त्याच २००५ च्या जुलैत राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ व गेल यांच्या भागीदारीत रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली, आणि अंजनवेलच्या त्याच यंत्रांवर नवी पाटी लागली.