‘दाखवा’ आणि ‘करा’

दुकानदाराला ‘साडी दाखवा’ म्हटलं तर पैसे पडत नाहीत. ‘बांधून द्या’ म्हटलं की व्यवहार होतो. बोलताना हा फरक आपल्याला सहज कळतो. इंटरनेटला मात्र तो शिकवावा लागला आणि त्याचा विसर महागातही पडला.

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची भाषा लिहून काढली. तेव्हा तिच्यात एकच क्रियापद होतं : ‘गेट’, म्हणजे ‘दे’. वाचकाने पान मागायचं, सर्व्हरने, म्हणजे पानं पुरवणाऱ्या संगणकाने, ते द्यायचं. पुढे लोकांना फॉर्म भरून माहिती पाठवायची गरज भासू लागली आणि ‘पोस्ट’ हे क्रियापद आलं.

१९९३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या एनसीएसए केंद्रात सीजीआय नावाची पद्धत तयार झाली. आलेल्या विनंतीचा प्रकार ‘रिक्वेस्ट मेथड’ या कप्प्यात ठेवून सर्व्हर तो प्रोग्रॅमच्या हाती देई. प्रोग्रॅमने कप्पा पाहायचा आणि मगच काय करायचं ते ठरवायचं. मे १९९६च्या एचटीटीपी १.० या दस्तऐवजात संकेतही नोंदवला गेला : ‘गेट’ने माहिती आणून देण्यापलीकडे काही करू नये.

संकेत बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिला. अनेकांनी ‘काढून टाका’ हासुद्धा साधा दुवाच ठेवला. माणूस विचार करून टिचकी मारतो, म्हणून निभावून गेलं.

मे २००५मध्ये गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ आणला. पानं लवकर दिसावीत म्हणून तो पानावरचे दुवे वाचकाच्या आधीच मागवून ठेवी. त्यात ‘काढून टाका’चे दुवेही आले! ‘बॅकपॅक’ या टिपणं ठेवण्याच्या सेवेत लोकांनी जपून ठेवलेला मजकूर नाहीसा होऊ लागला. दोष कुणाचा, यावर मोठा वाद झाला. यंत्र फक्त ‘दे’ म्हणत होतं. सर्व्हरवरचा प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘पुसून टाक’ असा घेत होता. २००८ साली गूगलने ते साधन मागे घेतलं.

जून २०२२च्या प्रमाण दस्तऐवजात अशी आठ क्रियापदं आहेत. भलतं क्रियापद आलं, तर ४०५ क्रमांकाचं उत्तर देऊन सर्व्हर विनंती नाकारू शकतो. हा तपास प्रोग्रॅममध्ये एका ओळीत होतो. तेवढी एक ओळ राहून गेली, तर कुणाची तरी जपलेली टिपणं जातात.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)