लिनक्स मिंटचा कॉम्प्युटर अडला तर? घरच्या घरी दुरुस्तीची माहिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट बंद झाली. जे जुने लॅपटॉप विंडोज ११ चालवू शकत नाहीत, ते भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्स मिंट टाकून घेणे हा चांगला मार्ग आहे. मिंट मोफत आहे, त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला आहे आणि ४ जीबी रॅमच्या मशीनवरही ते ठीक चालते. केरळच्या सरकारी शाळांत मुले कित्येक वर्षांपासून लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकत आहेत. त्यामुळे हे फक्त इंजिनिअर लोकांचे काम आहे, असे समजायचे कारण नाही.

अडचण येते ती पुढे. एक दिवस वाय-फाय दिसत नाही किंवा स्क्रीन काळी होते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख असते. मग लॅपटॉप दुकानात जातो, "फॉरमॅट मारावा लागेल" असे सांगितले जाते आणि दहा वर्षांचे फोटो, गुणपत्रिका, निकाहनामा व जमिनीच्या कागदांचे स्कॅन एका तासात पुसले जातात. खरे तर रोजच्या बहुतेक अडचणींत फॉरमॅटची गरज नसते. म्हणून नेहमी येणाऱ्या अडचणी आणि त्यांचे उपाय आम्ही इथे एकत्र देत आहोत. माहिती मिंटच्या सिनॅमन आवृत्तीची आहे. उबुंटूवर मेनूची नावे थोडी वेगळी असतील, पण उपायाची दिशा तीच राहील.

काहीही करण्याआधी

१. स्क्रीनवर जो संदेश आला असेल त्याचा मोबाईलवर फोटो काढा. "काहीतरी इंग्रजीत आलं होतं" एवढ्यावरून कोणीच मदत करू शकत नाही.

२. काल आणि आज यांत काय बदलले ते घरात सर्वांना विचारा. नवे अपडेट झाले का, कोणी सॉफ्टवेअर टाकले का, मध्येच वीज गेली का? अर्धे उत्तर इथेच मिळते.

३. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. पेन ड्राइव्ह, प्रिंटर वगैरे काढून ठेवा.

४. एका वेळी एकच उपाय करा. चार उपाय एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

टाइमशिफ्ट आणि घरची कागदपत्रे: दोन वेगळ्या गोष्टी

मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाचे साधन आधीपासून असते. ते सिस्टिमची आजची स्थिती जपून ठेवते. उद्या एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर आपण मागच्या तारखेला परत जाऊ शकतो. ते एकदा उघडून आठवड्याला एक प्रत ठेवायला सांगा.

पण इथे एक गैरसमज होतो. टाइमशिफ्ट सुरुवातीच्या सेटिंगमध्ये फक्त सिस्टिम जपते; तुमचे फोटो आणि कागदपत्रे जपत नाही. त्यांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवावी लागते. महिन्यातला एक दिवस त्यासाठी ठरवून टाका.

सुरूच होत नाही, किंवा काळी स्क्रीन

मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप की दाबा. कोणती की चालेल ते मशीनवर अवलंबून असते. निवडीची यादी आली की "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा. नवा कर्नल जुन्या मशीनशी जुळला नाही तर आधीचा बहुधा चालतो. आत गेल्यावर टाइमशिफ्टने अपडेटच्या आधीच्या तारखेला परत जा.

हेही जमले नाही तर ज्या पेन ड्राइव्हवरून मिंट टाकले होते तो लावा. त्यावरून मशीन सुरू केले की इन्स्टॉल न करताच मिंट चालते. फाइल मॅनेजरमध्ये तुमची हार्ड डिस्क दिसेल. आधी सगळी कागदपत्रे दुसऱ्या ड्राइव्हवर काढून घ्या, मगच दुरुस्तीकडे वळा. (मिंट टाकताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड विचारला जाईल.) याच पेन ड्राइव्हवर टाइमशिफ्ट असते आणि बूट रिपेअरही असते. विंडोज आणि मिंट एकत्र असलेल्या मशीनवर विंडोजच्या अपडेटनंतर मिंटची निवड दिसेनाशी झाली, तर बूट रिपेअर उपयोगी पडते.

म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसून त्यात गाणी भरू नका. चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवा.

बरोबर पासवर्ड टाकूनही "चूक" दाखवते

ज्या घरात मराठी आणि उर्दू टायपिंग होते तिथे ही तक्रार हमखास येते. कीबोर्ड शेवटी मराठीवर किंवा उर्दूवर राहिलेला असतो आणि पासवर्ड ठिपक्यांत लपलेला असल्याने ते कळत नाही. लॉगिनच्या स्क्रीनवर भाषेची खूण असेल तर ती इंग्रजीवर आणा. कॅप्स लॉकही पाहा.

पासवर्ड खरोखर विसरला असेल आणि घरात दुसरे ॲडमिन खाते असेल, तर त्यातून "युजर्स अँड ग्रुप्स" मध्ये जाऊन नवा पासवर्ड देता येतो. यासाठी अम्मी आणि अब्बा अशी दोन ॲडमिन खाती ठेवावीत. मुलांची खाती साधी असू द्यावीत, म्हणजे त्यांच्या हातून सिस्टिम बिघडत नाही.

पासवर्ड बरोबर टाकल्यावर स्क्रीन क्षणभर काळी होऊन पुन्हा लॉगिनवरच येत असेल, तर डिस्क पूर्ण भरली आहे का ते पाहा. वर सांगितलेल्या पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करून थोड्या मोठ्या फाइली बाहेर काढल्या की मार्ग मोकळा होतो.

वाय-फाय

आधी बघा, त्याच वाय-फायवर मोबाईल चालतो का? मोबाईलही चालत नसेल तर दोष राउटरचा किंवा कंपनीच्या लाइनचा आहे. लॅपटॉपला हात लावू नका.

मोबाईल चालतो, पण लॅपटॉपच्या यादीत एकही नेटवर्क दिसत नाही, तर एअरप्लेन मोड चुकून दाबला गेला आहे का ते पाहा. तसे नसेल तर ड्रायव्हर नसावा. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा असलेल्या लॅपटॉपमध्ये हे बरेचदा दिसते. आता ड्रायव्हर उतरवायला नेट हवे आणि नेटसाठी ड्रायव्हर हवा, असा पेच पडतो. त्यावर सोपा उपाय आहे. अँड्रॉइड मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपला लगेच नेट मिळते. मग मेनूतून ड्रायव्हर मॅनेजर उघडा, सुचवलेला ड्रायव्हर टाका आणि मशीन पुन्हा सुरू करा.

नेटवर्क दिसते पण जोडले जात नाही, तर जतन केलेले नेटवर्क काढून पासवर्ड नव्याने टाका.

तारीख आणि वेळ

वाय-फाय जोडलेले आहे, तरी प्रत्येक वेबसाइट "सुरक्षित नाही" म्हणते, तर घड्याळ पाहा. जुन्या मशीनमधला बटणासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि ब्राउझर वेबसाइटांवर विश्वास ठेवत नाही. तारीख दुरुस्त करा आणि सेल बदलून घ्या. काम स्वस्तातले आहे.

वेळ बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर सेलचा दोष नाही. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ ठेवते. दोन्ही एकाच मशीनवर असले की हा फरक दिसतो. दोन्हीकडे इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय सुरू ठेवा.

आवाज, प्रिंटर, विंडोजची डिस्क

आवाज येत नसेल तर बहुतेक वेळा तो दुसरीकडे जात असतो. टीव्ही किंवा प्रोजेक्टर काढल्यावरही मशीन आवाज तिकडेच पाठवत राहते. साउंड सेटिंगमध्ये आउटपुटसाठी लॅपटॉपचा स्पीकर निवडा.

नवे वाय-फाय प्रिंटर बहुधा स्वतःहून ओळखले जातात आणि एचपीचे बरेचसे प्रिंटर मिंटवर विनासायास चालतात. काही जुन्या लेझर प्रिंटरचे, उदाहरणार्थ कॅनन एलबीपी २९०० चे, ड्रायव्हर लिनक्सवर बसवणे किचकट आहे. अशा वेळी फाइल पीडीएफ करून दुसऱ्या मशीनवरून छापणे बरे.

विंडोजची डिस्क उघडते पण तीत काही जतन होत नाही, तर विंडोज पूर्ण बंद झालेले नसते. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" बंद करा, किंवा शिफ्ट दाबून ठेवून शट डाउन करा.

मंद चालते, जागा भरली

सिस्टिम मॉनिटर उघडून रॅम कोण खाते ते पाहा. ४ जीबीच्या मशीनवर ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे ठेवून वेगाची अपेक्षा करू नये. जागा कुठे गेली ते "डिस्क युसेज ॲनालायझर" चित्रातून दाखवते. कचरापेटी रिकामी करा आणि टाइमशिफ्टच्या फार जुन्या प्रती काढा. एखादी खिडकी अडकून सिनॅमन गोठले तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप एकत्र दाबा. उघडे काम न घालवता डेस्कटॉप ताजा होतो.

अपडेट अडकले

"लॉक मिळत नाही" असा संदेश आला तर मागे दुसरे अपडेट चालू आहे. दहा-पंधरा मिनिटे थांबा. उतरवण्याचा वेग फारच कमी असेल तर सॉफ्टवेअर सोर्सेसमध्ये जवळचा सर्व्हर निवडा. अपडेट चालू असताना वीज गेली, तर पुढच्या वेळी येणाऱ्या संदेशातच कोणती आज्ञा चालवायची ते लिहिलेले असते. ती जशीच्या तशी टर्मिनलमध्ये टाका. टर्मिनलमध्ये पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेही नाहीत. तिथे तसेच असते. टाइप करून एंटर दाबा.

मराठी आणि उर्दू

आपल्या घरांसाठी हा भाग महत्त्वाचा आहे, कारण दुकानदाराला यातले फारसे माहीत नसते.

कीबोर्ड: कीबोर्ड सेटिंगच्या लेआउट्समध्ये अधिकचे चिन्ह दाबून मराठी इनस्क्रिप्ट जोडा. उर्दूसाठी फोनेटिक लेआउट सोपा पडतो. इंग्रजी उच्चाराच्या जवळच्या कीवर अक्षर येते.

उर्दू नस्तालीकऐवजी नस्खमध्ये दिसते: मशीनमध्ये नस्तालीक फॉन्ट नाही एवढाच त्याचा अर्थ. नोटो नस्तालीक उर्दू मोफत मिळतो. फाइलवर दोनदा क्लिक करून इन्स्टॉल करा आणि लिब्रे ऑफिस बंद करून पुन्हा उघडा.

फॉन्ट बदलूनही अक्षर बदलत नाही: लिब्रे ऑफिस इंग्रजीसाठी एक फॉन्ट आणि मराठी-उर्दूसाठी दुसरा फॉन्ट धरते. भाषांच्या सेटिंगमध्ये "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" सुरू करा. मग कॅरेक्टरच्या खिडकीत दोन्ही फॉन्ट वेगळे निवडता येतात. उर्दू ओळ उजवीकडून सुरू होण्यासाठी परिच्छेदाची दिशाही बदलावी लागते. नुसते उजवीकडे सरकवले तर पूर्णविराम आणि आकडे भलतीकडे जातात.

जुन्या फाइलींत भलतीच अक्षरे: श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट नसेल तर वाचता येत नाही. इनपेजच्या फाइलींची अडचणही तशीच. असे काम घरात असेल तर विंडोज काढण्यापूर्वीच मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवा.

दुकानात न्यायचे झाले तर

डिस्कमधून टकटक आवाज येणे, मशीन तापून बंद पडणे, बॅटरी फुगणे, ही दुरुस्ती घरची नव्हे. मशीन जरूर दुकानात न्या. पण आधी कागदपत्रांची प्रत काढा आणि ती काढता आली नाही तर "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचा नाही" हे चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवा. मिंट पुन्हा टाकता येते, त्याला पैसे लागत नाहीत. घरातल्या मयत बुजुर्गांचा एकुलता एक फोटो गेला तर तो कोणत्याही दुकानात मिळणार नाही.