गाडीचा आतला रंग

१७ एप्रिल १९६४ रोजी फोर्डने मस्टँग बाजारात आणली. तेव्हा गिऱ्हाईक बाहेरच्या रंगाइतक्याच हौसेने आतलाही रंग निवडत असे. काळा, लाल, निळा, हस्तिदंती, हिरवट निळा असे पर्याय होते, आणि गाडीच्या दारावरच्या पत्र्याच्या पट्टीत आतल्या रंगाचाही संकेतांक ठोकलेला असे. आज अशी साठी उलटलेली गाडी कुणी दुरुस्तीला काढली, की आधी ती पट्टी वाचतात. कारण तोवर लाल सीट तपकिरी पडलेली असते, आणि मधल्या एखाद्या मालकाने डॅशबोर्डला सरसकट काळं फासलेलं असतं.

जुन्या गाडीचं व्हिनाइल आणि प्लॅस्टिक पुन्हा रंगवणं हा हौशी लोकांचा उद्योग वाटतो. पण त्याची पाळंमुळं दारूगोळ्याच्या कारखान्यापर्यंत जातात. स्फोटकं बनवणाऱ्या अमेरिकेच्या ड्यूपाँ कंपनीला नायट्रोसेल्युलोजचा अनुभव मोठा होता. १९१० मध्ये तिने फॅब्रिकॉइड ही नकली चामड्याची कंपनी विकत घेतली. कापडावर नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन वर चामड्याचा ठसा उमटवला, की मोटारीच्या सीटसाठी आणि टपासाठी स्वस्त माल तयार. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळच्या हाइड गावी याच जातीचं कापड बनत असे. त्याचं व्यापारी नाव रेक्झिन.

पुढे ड्यूपाँने याच नायट्रोसेल्युलोजपासून ड्युको हा रंग काढला. १९२३ मध्ये तो जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर चढला आणि रंग वाळायला लागणारे आठवडे तासांवर आले. आपल्याकडे गॅरेजांच्या पाट्यांवर 'ड्युको पेंटिंग' अजून दिसतं ते याच रंगामुळे. ड्युकोचा एक गुण रंगाऱ्याच्या फार कामाचा होता. नवा हात मारला की त्यातलं थिनर खालचा वाळलेला थर किंचित विरघळवतं आणि दोन्ही थर एकजीव होतात. व्हिनाइल रंगवण्याचं पुढचं सगळं तंत्र याच गुणावर उभं राहिलं.

व्हिनाइल मात्र योगायोगाने हाती आलं. १९२६ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथे बी. एफ. गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्यासाठी त्याने कडक, निरुपयोगी समजलं जाणारं पीव्हीसी उकळत्या द्रावकात विरघळवलं. ते थंड झाल्यावर हाती आला तो लवचीक, रबरासारखा गोळा. धातूला तो चिकटला नाही, पण पाण्याला दाद देत नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर याच मऊ पीव्हीसीने सीटवरून नायट्रोसेल्युलोजला हटवलं.

डॅशबोर्डवर ते चढलं सुरक्षेच्या वाटेने. पत्र्याच्या डॅशबोर्डवर आपटून लोक जायबंदी होत. १९५६ मध्ये फोर्डने जादा पैसे घेऊन गादीचा डॅशबोर्ड देऊ केला. १९६६ मध्ये वाहन सुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून गाडीच्या आतल्या आघातापासून बचाव करणारं मानक अमेरिकेत लागू झालं. फोमवर ताणलेली व्हिनाइलची कातडी मग घराघरातल्या गाडीत आली.

आणि तिच्याबरोबर तिचं म्हातारपणही आलं. पीव्हीसीला मऊ ठेवणारे तेलकट पदार्थ उन्हात हळूहळू उडून जातात. काचेला आतून धरणारा चिकट धुरकट थर बराचसा त्यांचाच असतो. ते गेले की कातडी आक्रसते, काचेजवळ तडकते, रंग विटतो.

यावरच्या उपायाला बाजारात 'डाय' म्हणतात, पण कापडाच्या रंगासारखा तो मुरत नाही. बारीक रंगद्रव्य, व्हिनाइलचंच रेझिन आणि तिखट द्रावक यांचं ते मिश्रण असतं. द्रावक जुन्या कातडीचा वरचा पापुद्रा मऊ करतं आणि नवा थर तिथेच रुजतो. कसब खरं लागतं ते आधीच्या धुण्यात. वर्षानुवर्षं चोपडलेलं सिलिकॉन पॉलिश जरा जरी उरलं, तरी रंग तिथून मागे सरतो आणि बारीक गोल खड्डे पडतात. फवारा पातळ हवा, दोन हातांमध्ये दम धरायला हवा. घाईने जाड थर दिला की चामड्यासारखे कोरलेले बारीक दाणे बुजतात आणि सीट रंगवलेल्या पत्र्यासारखी दिसू लागते.

मुंबईत ही गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघू लागली. तिलाच १९७४ मध्ये पद्मिनी हे नाव मिळालं. जुन्या फियाटचा डॅशबोर्ड मुळात पत्र्याचा, त्यामुळे त्याला रंग द्यायचा तो ड्युकोवाल्याने. सीट विटली तर ती रंगवत बसण्यापेक्षा कुशनवाल्याकडे नेऊन नवं रेक्झिन चढवणं सोपं पडे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली. आता उरलेल्या गाड्या जपणाऱ्यांपुढे प्रश्न येतो तो मूळ पोताचा. नवं रेक्झिन मिळतं, पण तोच दाणा आणि तीच शिवण असलेलं क्वचितच. अशा वेळी फाटलेली नसेल तर जुनीच कातडी धुऊन रंगवणं हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे, मग त्याला चार दिवस जास्त का लागेनात.

गेल्या तीसेक वर्षांतल्या गाड्यांना मात्र ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. त्यांच्या आत पॉलिप्रॉपिलीन भरपूर आहे. या तेलकट प्लॅस्टिकला नेहमीचं थिनर मऊ करू शकत नाही. वर मारलेला रंग नखाने सोलून निघतो. म्हणून जाणकार कारागीर तुकडा उलटा करून मागची अक्षरं आधी पाहतो. 'एबीएस' असेल तर नेहमीचा रंग धरतो. 'पीपी' असेल तर आधी क्लोरीनयुक्त पॉलिओलेफिनचा पारदर्शक प्राइमर द्यावा लागतो. अक्षरं पुसली असतील तर फुटलेला कपचा पाण्यात टाकतात. साधं पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, एबीएस आणि पीव्हीसी तळाला जातात.