किल्लारीचा भूकंप : विज्ञान आणि श्रद्धा

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील सास्तूर परिसर हादरला. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. असे का घडले, हा प्रश्न मराठवाड्यातील आम्हां सर्वांपुढे आजही उभा आहे.

विज्ञानाचे उत्तर असे : भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आशिया खंडाला रेटतो. त्या रेट्याचा ताण दूर दख्खनच्या खडकांतही साठतो आणि एखाद्या जुन्या, कमकुवत भेगेपाशी मोकळा होतो. तथापि विज्ञानालाही मर्यादा आहेत. १९९२ मध्ये किल्लारीत धक्के जाणवले होते. तरीही त्या वेळच्या भूकंप-नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तो तिसऱ्या विभागात गणला गेला २००२ मध्ये. भूकंपाचा दिवस आणि वेळ आजही आधी सांगता येत नाही.

अज्ञाताची ही पोकळी ईश्वरी कोपाने भरून काढण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला आहे. १९३४ च्या बिहारमधील भूकंपाला महात्मा गांधींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. ख्रिस्तसभेतही हे घडले. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सकल संतांच्या सणादिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. त्यामागे नैसर्गिक कारणे नसून परमेश्वराचा कोप आहे, असे येशूसंघीय धर्मगुरू गाब्रिएल मालाग्रिदा यांनी पुढील वर्षी पत्रक काढून प्रतिपादन केले.

परंतु प्रभू येशूची शिकवण वेगळी आहे. सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते यरुशलेममधील इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने निःसंदिग्धपणे सांगितले (लूक १३). मृतांच्या पापांचा हिशेब न मांडता त्याने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले.

तो पश्चात्ताप आम्ही कशाचा करावा? किल्लारीत माणसे मुख्यतः गाडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. भिंत कशी बांधावी हे विज्ञान सांगते. गरिबाची भिंतही तशीच मजबूत असावी, ही शेजारप्रीतीची आज्ञा आहे. येथे विज्ञान आणि श्रद्धा यांच्यात वाद उरत नाही. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या ‘फिदेस एत रासिओ’ या परिपत्रकात श्रद्धा व बुद्धी परस्परांना पूरक असल्याचेच सांगितले आहे.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोलीत केंद्र असलेल्या ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने नांदेडही हादरले. असा धक्का पुन्हा बसेल तेव्हा कोणाचे पाप भोवले, याची चर्चा आपण करू नये. शेजाऱ्याच्या घराला तडा गेला आहे का, हे आधी पाहावे. आणि ज्या मातेचे लेकरू ढिगाऱ्याखाली गेले, तिच्या ‘का’ला ना भूशास्त्राकडे उत्तर आहे, ना आमच्याकडे तयार वाक्य. तिच्याजवळ मूकपणे थांबावे, जशी पवित्र मरिया क्रुसाजवळ थांबली होती.