ऑल-इन झाल्यावर साइड पॉटची वाटणी

चवथीच्या रात्री जागवायला पत्ते मांडण्याची रीत आमच्या कारापुरात जुनीच. पूर्वी रमी नाहीतर तीन पत्ती असे, आता मुले पोकर मांडतात. मागे आमच्याच घरी एका डावाच्या वाटणीवरून दोघा चुलतभावांचे बोलणे बंद झाले ते थेट दिवाळीपर्यंत. आणि पणाला काय, तर चिंचोके! म्हणून हा हिशेब इथे मांडून ठेवत आहोत.

हातातले सगळे लावले की ऑल-इन. अशा खेळाडूला डावाबाहेर काढता येत नाही, पण इतर प्रत्येकाकडून तो स्वतः लावले तेवढेच जिंकू शकतो. त्यावरच्या रकमेचा वेगळा ढीग होतो, तोच साइड पॉट.

समजा अनंताने २०० लावले आणि तो ऑल-इन झाला. बाबलो ५०० वर ऑल-इन. चंदूने ९०० लावले. दामूने ३०० लावून पाने टाकली. आता सर्वात लहान ऑल-इनपासून सुरुवात करावी. चौघांचे दोन-दोनशे मिळून मुख्य पॉट ८००. उरलेल्यातून बाबलोचे ३००, चंदूचे ३०० आणि दामूचे १०० मिळून साइड पॉट ७००. चंदूचे वरचे ४०० कोणीच जुळवले नाहीत, ते त्याला परत. बेरीज १९०० जुळली पाहिजे. आम्हा बँकवाल्यांना ताळा घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

मुख्य पॉटवर अनंत, बाबलो व चंदू तिघांचा हक्क, साइड पॉटवर फक्त बाबलो आणि चंदूचा. पाने टाकलेल्या दामूचे पैसे ढिगात राहतात, हक्क मात्र जातो. वाटताना साइड पॉट आधी द्यावा, मुख्य पॉट शेवटी. अनंताची पाने सर्वात भारी निघाली तरी त्याला ८०० च मिळणार. ७०० बाबलो-चंदूपैकी ज्याची पाने भारी त्याचे. आमच्याकडचे भांडण नेमके इथेच झाले होते, पहिला आला त्याने दोन्ही ढीग ओढले! बरोबरी झाली तर प्रत्येक पॉट वेगवेगळा निम्मा करावा, एकत्र करून नव्हे.

पैसे लावून खेळणे ही वेगळी गोष्ट. गोव्यात १९७६ च्या कायद्याने जुगाराला बंदी आहे. मांडवीतल्या जहाजांवर चालतो तो पुढच्या दुरुस्त्यांनुसार, सरकारी परवान्याने. घरी चिंचोकेच बरे, फक्त ते आधी मोजून वाटावेत.